पाळी, थायरॉइड, शुगर आणि फॅटी लिव्हर : आपल्याकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला आहारसल्ला देते. येणाऱ्या बहुतेक बायकांकडे पाळीची फाइल वेगळी, थायरॉइडची वेगळी, शुगरची वेगळी असते, आणि त्यातल्याच एखादीत सोनोग्राफीचा रिपोर्ट दुमडून ठेवलेला असतो, शेवटच्या ओळीत "फॅटी लिव्हर ग्रेड १" लिहिलेलं असतं, आणि त्याबद्दल त्यांच्याशी कुणीच बोललेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हार्मोनचा आजार आणि लिव्हरवरची चरबी हे दोन वेगळे विषय नाहीत, दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरसमोर एकाच वेळी ठेवायला पाहिजेत. खाली जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरं लिहिलीत. गोळ्यांचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरनीच ठरवायचा, इथं वाचून कुठलीही गोळी सुरू किंवा बंद करू नका.

पाळीसाठी सोनोग्राफी केली होती, त्यात फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय. "सगळ्यांनाच असतंय" म्हणले. खरंच काही नाही का?

खूप जणांना असतं हे बरोबर, पण बीपीपण खूप जणांना असतं, म्हणून कुणी ते सोडून देत नाही. लिव्हरच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. आता सोनोग्राफीतली ग्रेड १, २, ३ ही फक्त चरबी किती दिसतेय ते सांगते, लिव्हर आतून कडक व्हायला लागलंय का हे त्यात कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. आधी चरबी, मग काही जणांत सूज, मग सुजेमुळं व्रण म्हणजे फायब्रोसिस, आणि व्रण वाढत गेले की सिरॉसिस म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, असा तो रस्ता आहे. बहुतेक लोक पहिल्या टप्प्यावरच राहतात. पण ज्यांना सोबत शुगर, पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी लांबते तो आजार), थायरॉइड असं काही आहे त्यांच्यात पुढं जाण्याची शक्यता जास्त, म्हणून तुमची ग्रेड १ आणि तुमच्या तब्येतीनं ठणठणीत शेजारणीची ग्रेड १ सारखी धरू नका.

अजून एक, फॅटी लिव्हर असलेल्या लोकांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नसून हृदयविकार आहे. त्यामुळं हा रिपोर्ट आला की बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तिन्ही बघून घ्यायचे.

आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, माळकरी माणसं आहोत. मग लिव्हर कामून खराब व्हायलंय?

हा प्रश्न बायका फार कळवळून विचारतात, कारण गावात लिव्हरचा आजार म्हणलं की लोक तिरक्या नजरेनं बघतात. दारूमुळं लिव्हर खराब होतं हे खरं, पण हा दुसरा प्रकार आहे, शरीरातली साखर आणि चरबी हाताळायची यंत्रणा बिघडल्यामुळं होणारा. आधी याला "नॉन अल्कोहोलिक फॅटी लिव्हर" म्हणायचे, २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलून मॅसल्ड (MASLD) केलं, रिपोर्टवर आता हे नवं नाव दिसलं तर घाबरू नका, आजार तोच आहे. नवीन नावाप्रमाणं लिव्हरवर चरबी आणि सोबत वाढलेलं वजन किंवा कंबर, शुगर, बीपी, वाढलेलं ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी), कमी असलेलं चांगलं कोलेस्टेरॉल, यातलं एक जरी असलं आणि दुसरं काही कारण नसलं तरी निदान होतं. बघा, यात तुमच्या माळेचा काही दोष नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी दारू पूर्ण बंदच ठेवायची, एवढं मात्र घरातल्या पुरुषांना सांगा.

पण हार्मोनचा आणि लिव्हरचा संबंध काय? लिव्हर पोटात, थायरॉइड गळ्यात.

इन्सुलिन हेसुद्धा हार्मोनच आहे, तिथून सुरुवात करू. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, इन्सुलिन ती साखर पेशींत ढकलतं आणि चरबीच्या साठ्याला सांगतं की आता तू चरबी सोडू नको. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड अजून जास्त इन्सुलिन सोडतं, तरी चरबीच्या पेशी ऐकत नाहीत आणि रक्तात चरबी सोडत राहतात, ती सगळी लिव्हरकडं जाते. त्यात वाढलेलं इन्सुलिन लिव्हरला जेवणातल्या साखरेपासून नवीन चरबी बनवायला लावतं. म्हणजे बाहेरूनही येते आणि आतही तयार होते. मानेवर, काखेत काळपट जाडसर कातडी झाली असेल तर ती बहुतेक वेळा याचीच खूण असते, तो मळ नाही, पोरींच्या माना घासू नका.

आता बाकीचे हार्मोन या गोष्टीत आपापली भर घालतात. थायरॉइडचं हार्मोन लिव्हरला चरबी जाळायला लावतं, ते कमी पडलं की चरबी पडून राहते. इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं बायकी हार्मोन बाईच्या लिव्हरला बऱ्यापैकी सांभाळतं, ते गेलं की संरक्षण गेलं. बायकांत पुरुषी हार्मोन वाढलं की नुकसान, आणि पुरुषांत तेच कमी झालं की नुकसान. कॉर्टिसॉल म्हणजे शरीरातलं स्टिरॉइड जास्त झालं की पोटावर आणि लिव्हरवर चरबी चढते. ग्रोथ हार्मोन मोठ्या माणसालाही लागतं, ते नसलं तर लिव्हरवरची चरबी पटकन वाढते.

मुलगी २२ वर्षांची आहे, पीसीओडी आहे, लग्नाचं बघायलोत. लिव्हरची तपासणी केली तर उगं बोभाटा होईल.

ताई, लग्नाचं टेन्शन कळतं मला, पण ही तपासणी म्हणजे एक रक्ताची चाचणी आहे, शुगर-कोलेस्टेरॉलसोबत त्याच सुईत होते, कुणाला कळायचं कारणच नाही. पीसीओडी असलेल्या बायकांत फॅटी लिव्हरचं प्रमाण त्याच वजनाच्या इतर बायकांपेक्षाही जास्त सापडतं, आणि ज्यांच्या अंगात पुरुषी हार्मोन जास्त आहे, म्हणजे हनुवटीवर केस, खूप पिंपल्स, डोक्यावरचे केस विरळ, त्यांच्यात अजून जास्त. पीसीओडीचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं : पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं आणि सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बारीक गाठी दिसणं. नुसत्या सोनोग्राफीवर निदान झालं असेल तर परत नीट विचारा, कारण तरुण मुलींच्या अंडाशयात तशा बारीक गाठी एरवीही दिसतात.

आपल्याकडे पीसीओडी म्हणलं की पाळी यायच्या गोळ्या देतात आणि पाळी आली की विषय संपतो, हे मला खटकतं. पाळी यायलाच पाहिजे, नाहीतर गर्भपिशवीचं अस्तर जाड होत राहतं, पण गोळीनं पाळी आणली म्हणजे इन्सुलिनचा गोंधळ मिटला असं नाही. उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची अशी शुगर करा, कारण नुसती उपाशीपोटीची बऱ्याचदा नॉर्मल येते.

आणि लग्नानंतर बाळाचा विचार असेल तर आधी वजन थोडं कमी केलं तर त्याच कष्टात पाळी, शुगर आणि लिव्हर तिन्हीला फायदा मिळतो. पीसीओडी आणि फॅटी लिव्हर असेल तर गरोदरपणात शुगर वाढायची शक्यता जास्त असते, हे डॉक्टरना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. कोलेस्टेरॉलची, वजनाची औषधं चालू असतील तर दिवस राहायच्या आधीच विचारायचं, काही औषधं महिना-दोन महिने आधी थांबवावी लागतात.

थायरॉइडची गोळी तीन वर्षांपासून रोज घेते, तरी फॅटी लिव्हर आलं. मग गोळीचा काय उपयोग?

गोळी घेताय पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटचं कधी केलं? बऱ्याच जणींनी सुरुवातीला एकदा केलेलं असतं आणि तोच डोस चालू असतो. दुसरं, गोळी कशी घेता ते बघा. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आपल्याकडे उठल्या उठल्या चहाच लागतो त्यामुळं इथंच घोळ होतो. कॅल्शियमची आणि रक्तवाढीची गोळी चार तासांच्या अंतरानं घ्यायची, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

टीएसएच व्यवस्थित असूनही फॅटी लिव्हर असेल तर मग वजन, शुगर, जेवण यांच्याकडं वळायचं, सगळं थायरॉइडच्या माथी मारू नका. आणि हात जोडून सांगते, "थायरॉइडची गोळी वाढवली की चरबी जळते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जास्तीच्या डोसनं छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात. गंमत म्हणजे लिव्हरमध्ये थायरॉइड हार्मोन ज्या जागी काम करतं फक्त तिथंच काम करेल असं वेगळं औषध शास्त्रज्ञांनी शोधलंय, रेस्मेटिरोम नावाचं, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते म्हणजे तुमची रोजची गोळी नव्हे.

अजून एक बारीक गोष्ट. थायरॉइडचा आजार बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यामुळं होतो, आणि अशा लोकांत तसाच हल्ला क्वचित लिव्हरवरपण होतो. म्हणून एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) खूप वाढलेलं असेल तर "फॅटी लिव्हर आहे" म्हणून सोडून न देता हिपॅटायटिस बी, सी आणि ऑटोइम्यूनच्या तपासण्या करायच्या का हे विचारा.

माझी पिशवी ३२ व्या वर्षीच काढली. त्याचा लिव्हरशी काही संबंध?

यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण हा प्रश्न मराठवाड्याचा आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या फार कमी वयात काढल्या गेल्या, २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात आला आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. अंगावर जातंय, पोट दुखतंय, कोयता म्हणजे ऊसतोड बंद ठेवता येत नाही, खाडा झाला की पैसे कापतात, मग "काढून टाका, कटकट मिटंल" असं व्हायचं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, त्यानंतर त्या बाईच्या हार्मोनचं काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही.

तर आधी हे शोधा की फक्त पिशवी काढली का अंडाशयपण काढली. डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असतं, नसेल तर सोनोग्राफीत कळतं. दोन्ही अंडाशय काढली असतील तर त्याच दिवशी इस्ट्रोजेन बंद होतं, म्हणजे जी गोष्ट एरवी ४५-५० च्या आसपास व्हायची ती ३२ व्या वर्षी झाली. अशा बायकांत पोट सुटणं, कोलेस्टेरॉल वाढणं, फॅटी लिव्हर, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा त्रास, हे सगळं लवकर सुरू होतं. अंडाशय ठेवली असतील तरी ती नेहमीपेक्षा थोडी आधी थकू शकतात.

तुम्ही काय करायचं : वय कमी असलं तरी स्वतःला पाळी गेलेल्या बाईसारखं धरून दरवर्षी शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि लिव्हरची रक्ततपासणी करा. अंडाशय काढली असतील आणि वय ४५ च्या आत असेल तर हार्मोनची गोळी किंवा पॅच द्यायचा का हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, तो तुमचा हक्काचा प्रश्न आहे, सगळ्यांना चालत नाही पण विचारायलाच पाहिजे. कारखाना सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या आत या तपासण्या उरकल्या तर बरं, एकदा टोळी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत कुणी दवाखान्यात जात नाही.

ज्यांची पाळी वयानुसार गेली त्यांनाही हेच लागू आहे, फक्त घाई तेवढी नाही.

गुडघ्याच्या दुखण्यासाठी एका वैद्याची पुडी चालू आहे, लगेच आराम पडतो. त्यानं काही होतंय का?

लगेच आराम पडतो हीच काळजीची गोष्ट आहे. अशा बिननावाच्या पुड्यांत, आणि बाजारच्या दिवशी मारून घेतात त्या "पावरच्या इंजेक्शन"मध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. महिनोन् महिने स्टिरॉइड पोटात गेलं की चेहरा गोल होतो, गाल लाल, पोट सुटतं पण हातपाय काटकुळे, मांडीवर-पोटावर जांभळे पट्टे, कातडी पातळ, शुगर वाढते, आणि लिव्हरवर चरबी चढते. म्हणजे बाहेरून दिलेल्या औषधानं हार्मोनचा आजार तयार झाला. बायका सांगतात "पुडीनं अंग धरलं, तब्येत सुधारली", ती तब्येत नसते, सूज आणि चरबी असते.

पण आता हे वाचून पुडी एकदम बंद करू नका. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, एकदम तोडलं तर बीपी पडतं, उलट्या, चक्कर, जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन फिजिशियनकडं जा, लाजू नका, सकाळचं कॉर्टिसॉल तपासून ते हळूहळू कमी करत आणतील. दम्याला किंवा वाताला डॉक्टरनी स्वतः लिहून दिलेलं स्टिरॉइड असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिथं गरज असते, तेपण मनानं थांबवायचं नाही.

बाळंतपणात लई रक्त गेलं होतं, तेव्हापासून पाळी आली नाही, अंगात ताकद नाही, आता लिव्हरवर चरबी निघाली.

तुम्ही हा प्रश्न घेऊन लवकरात लवकर डॉक्टरकडं जा. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी रक्ताअभावी निकामी होऊ शकते, याला शीहान सिंड्रोम म्हणतात. खुणा अशा : बाळाला दूधच आलं नाही, पाळी परत आली नाही, काखेतले केस गळाले, सारखी थंडी वाजते, बीपी कमी. ही ग्रंथी थायरॉइड, कॉर्टिसॉल, पाळीचे हार्मोन, ग्रोथ हार्मोन सगळ्यांना हुकूम देते, त्यामुळं सगळंच कमी पडतं. नुसतं "अशक्तपणा" म्हणून वर्षानुवर्षं सलाइन लावत बसलेल्या बायका असतात. पिट्यूटरीच्या आजारात फॅटी लिव्हर लवकर पुढच्या टप्प्यात जाऊ शकतं. यात आधी स्टिरॉइडची कमी भरून काढतात आणि मगच थायरॉइडची गोळी सुरू करतात, उलट केलं तर धोका असतो, म्हणून हे काम हार्मोनतज्ज्ञ किंवा अनुभवी फिजिशियनचंच.

पुरुषांना पण हार्मोनमुळं होतं का?

होतं. पोट सुटलेल्या, शुगर असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं खूप सापडतं, आणि वजन कमी केलं की ते बऱ्याचदा आपोआप वाढतं. पोरं जिममध्ये बॉडीसाठी इंजेक्शन आणि गोळ्या घ्यायलेत, त्यातल्या काही थेट लिव्हरला मारक असतात, घरात लक्ष ठेवा.

एसजीपीटी नॉर्मल आलं. म्हणजे लिव्हर चांगलं ना?

नाही, तसं म्हणता येत नाही. एसजीपीटी नॉर्मल असूनही आत बराच फायब्रोसिस असलेले लोक असतात. त्यासाठी फिब-४ नावाचा हिशोब आहे, वेगळी महागडी टेस्ट नाही, तुमच्या नेहमीच्या रिपोर्टवरूनच निघतो. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखीच लिव्हरची दुसरी रक्ततपासणी), भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). प्लेटलेट हजारात धरायच्या, म्हणजे १.८ लाख असतील तर १८०. समजा वय ४५, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १८०. वर ४५ गुणिले ४८ म्हणजे २१६०, खाली १८० गुणिले ८ म्हणजे १४४०, उत्तर १.५.

१.३ च्या खाली आलं तर सध्या काळजी कमी. २.६७ च्या वर आलं तर लिव्हरच्या डॉक्टरकडं जायचं. मधे आलं, जसं या उदाहरणात, तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी, करायचा. ६५ च्या पुढच्यांसाठी खालची रेषा २ धरतात, आणि ३५ च्या आतल्यांत हा हिशोब तेवढा भरवशाचा नाही, म्हणजे पीसीओडीच्या तरुण मुलींत नुसत्या यावर विसंबू नका.

फायब्रोस्कॅन सोनोग्राफीसारखाच असतो, बरगडीवर प्रोब ठेवतात, टिचकी मारल्यासारखं लागतं, दुखत नाही, तीन तास उपाशी जायचं. कडकपणा ८ केपीएच्या आत असेल तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी. प्रत्येक तालुक्याला ही मशिन नाही, संभाजीनगर, नांदेड, लातूरला पोटविकारतज्ज्ञांकडं आधी फोन करून विचारा. संभाजीनगरचं घाटी, नांदेडचं शंकरराव चव्हाण मेडिकल, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा लातूरचं विलासराव देशमुख मेडिकल, यातलं जे जवळ असेल तिथल्या मेडिसिन ओपीडीत रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी होऊ शकते.

आम्ही तर शेतात राबतो, आम्हाला कसली चरबी?

राबता हे खरं, पण पेरणी-काढणीचे दिवस सोडले तर आता नांगरट ट्रॅक्टरनं, जाणं-येणं गाडीवर. आणि आपल्या माणसांत एक अडचण आहे, हातपाय बारीक आणि चरबी पोटात. म्हणून वजन काट्यापेक्षा कंबर मोजा, बेंबीच्या वरच्या बाजूला, टेप घट्ट न ओढता. बाईची ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर असेल तर तपासणी करा. आशाताई तिशीच्या पुढच्यांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबर मोजायची असतेच, त्यांना मोजू द्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं फॅटी लिव्हरला शुगर-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, त्यामुळं आरोग्य केंद्रात याबद्दल विचारायला संकोच नको.

मग खायचं काय? भाकरी बंद करायची का?

भाकरी बंद करून बिस्किटं खाणाऱ्या बायका बघितल्या की जीव तुटतो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी, शेपू, अंबाडी, करडईची भाजी, मटकी-मुगाची उसळ, ताक, हे आपलं जुनं ताट लिव्हरला चांगलंच आहे. बिघडलंय ते दुसरीकडं.

पहिलं म्हणजे गोड. दिवसातून चार-पाच चहा, पाहुणे आले की अजून दोन, प्रत्येकात दोन चमचे साखर. साखरेतलं फ्रुक्टोज जवळजवळ सगळं लिव्हरलाच हाताळावं लागतं आणि ते तिथं सहज चरबी होतं. गुळाचा चहा केला म्हणून सुटका नाही, गूळ म्हणजेपण साखरच. रसवंतीवरचा उसाचा रस, थंड बाटल्या, पॅकेटमधला ज्यूस, हे ज्यांना हा त्रास आहे त्यांनी बंद करा, हे मी ठामपणे सांगते. मोसंबी, सीताफळ, पेरू चावून खा, बेतानं खा, रस काढून पिऊ नका.

दुसरं, ताटात डाळ पातळ आणि भाकरी-भात जास्त. वरण घट्ट करा, उसळ रोज एक वाटी, चालत असेल तर अंडी. पीसीओडीच्या मुलींना तर सकाळच्या नाश्त्यातच प्रोटीन पाहिजे. सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) करा, पण त्यात मोड आलेले मूग आणि मूठभर शेंगदाणे टाका. पुरुषांनी संध्याकाळची भजी आणि तर्रीवरचा तेलाचा थर कमी करायचा. करडईचं, शेंगदाण्याचं तेल चांगलं, पण चांगलं तेलसुद्धा मोजूनच, चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या आसपास पुरायला पाहिजे.

वेळ अमावस्येला भज्जी, आंबील, उंडे खा की, सणाच्या एका दिवसानं लिव्हर खराब होत नाही.

नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात, आई तुळजाभवानीचे. धरू का नको?

उपवास धरा, पण साबुदाणा, बटाटा, साखरेचा चहा आणि तळलेलं यावर नऊ दिवस काढणं म्हणजे शुगर आणि लिव्हर दोन्हीवर अत्याचार. भगर, राजगिरा, ताक, दही, शेंगदाणे, काकडी, एखादं फळ यावर निभावता येतं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरना विचारून डोस बदलून घ्या, उपाशीपोटी शुगर एकदम उतरली तर चक्कर येऊन पडाल.

वजन किती कमी करायचं? माझं ८० किलो आहे.

५ टक्के म्हणजे ४ किलो कमी झालं की लिव्हरवरची चरबी उतरायला लागते. ७ ते १० टक्के, म्हणजे साडेपाच ते आठ किलोला सूजही कमी होते, आणि १० टक्क्यांच्या पुढं गेलं तर काही जणांत फायब्रोसिसपण मागं हटतो. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, त्यापेक्षा घाई नको, उपाशी राहून झपाट्यानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, उन्हाळ्यात पहाटे, कारण आपल्याकडं नऊनंतर बाहेर निघवत नाही. वजन तेवढं उतरलं नाही तरी चालण्यानं लिव्हरला फायदा होतोच, म्हणून काटा हलला नाही म्हणून सोडू नका. थायरॉइड किंवा पीसीओडी असेल तर उतरायला वेळ लागतो, हे शेजारणीला बघून स्वतःला दोष देणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते.

यावर गोळी नाही का? मेडिकलवाल्यानं लिव्हर टॉनिक दिलंय.

टॉनिकनं फॅटी लिव्हर जातं असा भक्कम पुरावा नाही, ते पैसे डाळीवर खर्च करा. मेटफॉर्मिन पीसीओडी आणि शुगरसाठी चांगली गोळी आहे, पण लिव्हरची सूज किंवा व्रण तिनं भरत नाहीत, म्हणून "मेटफॉर्मिन चालू आहे म्हणजे लिव्हरचं बघितलं जातंय" असं समजू नका. डॉक्टर रुग्ण बघून पायोग्लिटाझोन, शुगर नसलेल्यांना व्हिटॅमिन ई, किंवा सॅरोग्लिटाझार देतात, हे शेवटचं भारतातच तयार झालेलं औषध आहे आणि लिव्हरच्या या आजारासाठी त्याला २०२० मध्ये आपल्याकडं मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइड या शुगर-वजनाच्या औषधाला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते जास्त फायब्रोसिस असलेल्यांसाठी मान्यता मिळाली. व्हिटॅमिन ई साधं वाटतं पण मोठ्या डोसमध्ये मनानं घेत बसायचं नाही.

काढ्यांबद्दल : गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या, त्यात आधीपासून थायरॉइड, शुगर असलेले रुग्णपण होते. थायरॉइडवाल्यांनी तर जास्तच जपून.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मात्र फॅटी लिव्हरच्या भीतीनं बंद करू नका, ती यात सुरक्षित आहे आणि हृदयाला वाचवते.

तातडीनं कधी पळायचं?

डोळे पिवळे, पोटात पाणी, पायावर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. गावातल्या सलाइनवर वेळ घालवू नका.

एकदा तपासून झालं, परत कधी करायचं?

फिब-४ कमी असेल आणि शुगर नसेल तर दोन-तीन वर्षांनी. शुगर असेल किंवा दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर वर्ष-दोन वर्षांनी. टीएसएच डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, नंतर वर्षातून एकदा.

मला निघालं, आता बहिणीचं आणि पोरांचं पण बघायचं का?

हो. हे घराण्यात चालतं, एकाच चुलीवरचं खाणं असतं तो भाग वेगळाच. बहिणीची पाळी लांबत असेल, आईला शुगर असेल, पोराची कंबर वयाच्या मानानं मोठी आणि मान काळी असेल तर त्यांची शुगर, कोलेस्टेरॉल आणि एसजीपीटी एकदा करून घ्या, आणि डॉक्टरना सांगा की घरात फॅटी लिव्हर आहे, कारण ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.